समितीचे गुण आणि मेहुण्यांची बाग

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक कोकणातले आहेत, वय 36. दहा वर्षं मुंबईत सहायक दिग्दर्शक म्हणून काम केल्यावर त्यांनी स्वतःचा पहिला मराठी सिनेमा पूर्ण केला. खर्च 65 लाख. त्यातले 28 लाख मेहुण्यांनी (म्हणजे त्यांच्या ताईच्या यजमानांनी) काजूच्या बागेचा एक तुकडा विकून दिले, 12 लाख त्यांची स्वतःची शिल्लक होती, 10 लाख मित्रांनी घातले आणि 15 लाखांची देणी अजून बाकी आहेत. सिनेमा आठ थिएटरांत एक आठवडा लागला, बहुतेक शो सकाळी अकराचे. ‘सरकारी अर्थसहाय्य योजनेतून निदान 30 लाख तरी येतील’ असा त्यांचा आधीपासूनचा हिशोब होता. समितीनं सिनेमा अपात्र ठरवला. पत्र एका ओळीचं, कारण दिलेलं नाही. आता एक मित्र म्हणतो, फेसबुकवर सगळं उघड कर. दुसरा म्हणतो, गप्प बस, पुढच्या वेळी अडवतील. तिसरा एक ‘ओळखीचा माणूस’ दहा टक्क्यांत काम करून देतो म्हणतो. शिवाय पुढचा सिनेमा एखाद्या थोर पुरुषावर काढला तर समितीला नाही म्हणणं जड जाईल, असंही त्यांच्या मनात आहे. शेवटी ते विचारतात, ‘ताई, सरकारला चांगला सिनेमा नकोच असेल तर आमच्यासारख्यांनी करायचं काय?’

योजना कोणत्या सरकारची हे मी मुद्दाम गाळलं आहे. अशी पत्रं मला महाराष्ट्रातून येतात, गोव्यातून येतात, दिल्लीच्या दारात खेटे घालणाऱ्यांचीही येतात, आणि नाव बदललं तरी मजकूर फारसा बदलत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. प्रॉडक्शनची खाती सांभाळण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे कागद दिसला की खुणा करायची सवय आहे. साडेतीन पानांत ‘समिती’ हा शब्द अकरा वेळा आला. ‘ताईचे यजमान’ एकदा आले, तेही कंसात. तुमची खरी गोष्ट त्या कंसात आहे असं मला वाटतं, पण तिथे नंतर जाऊ. आधी समितीचं बघू, कारण तुमची झोप तिनं उडवली आहे.

‘निदान 30 लाख तरी’ यातला ‘निदान’ कुठून आला? तुम्ही पटकथेच्या दुसऱ्या ड्राफ्टच्या वेळीच तो आकडा जमेच्या बाजूला लिहिलात. असं करणारे तुम्ही पहिले नाहीत. मी ज्यांची खाती लिहिली त्यांतले निम्मे निर्माते हेच करायचे: पहिल्या पानावर कलाकार, तंत्रज्ञ, कॅमेरा, जेवण, गाड्या, आणि खाली ‘वजा: अनुदान’. मी ती ओळ खोडायचे आणि ते ती परत लिहायचे. पण तुम्ही ज्या प्रकारच्या योजनेत अर्ज केलात तिथे सिनेमा पुरा करायचा असतो, सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं, मग समिती तो बघते, गुण देते, आणि त्यानंतर झाले तर पैसे मिळतात. म्हणजे शूटिंगच्या दिवशी जनरेटरवाल्याला द्यायला या पैशाचा काडीचाही उपयोग नसतो. जो पैसा काम संपल्यावर, परीक्षा घेऊन, कदाचित मिळणार, त्याला भांडवल म्हणता येत नाही. तो मिळाला तर बोनस.

हे असं का झालं याला थोडा इतिहास आहे. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात करपरताव्याची पद्धत आली. मराठी सिनेमाच्या तिकिटांवर जमा झालेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळे, पण त्यानं पुढचा मराठी सिनेमा काढला तर. यात कुणी चव बघत नव्हतं. लोक आले तर पैसा, नाही आले तर नाही. पुढे हा परतावा गेला आणि त्याच्या जागी दर्जा आला. समितीनं सिनेमा बघायचा, गुण द्यायचे, ‘अ’ किंवा ‘ब’ ठरवायचं. बरीच वर्षं ‘अ’ला 40 लाख आणि ‘ब’ला 30 लाख असा दर होता. तुमचा ‘निदान 30’ बहुधा इथूनच आला असावा. 1 जुलै 2017 पासून करमणूक करच जीएसटीत विरघळला, तेव्हा जुन्या वाटेनं परत जाण्याची सोयही राहिली नाही. दर्जा ठरवायचा म्हटलं की कुणीतरी परीक्षक लागतो, आणि परीक्षक आला की नापास होणारेही आले. जुन्या पद्धतीत तुमच्या आठ थिएटरांच्या एका आठवड्यातून किती कर जमला असता, हे मनातल्या मनात मोजून बघा. गुणांची पद्धत निदान कागदावर तरी तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

एकदा मीही अशा एका समितीत होते. कुठली ते विचारू नका. दिवसाला तीन सिनेमे. दहा वाजता पहिला, मग दुसरा, मग जेवण. जेवणानंतरच्या तिसऱ्या सिनेमाचं नशीब वरणभातावर अवलंबून असतं, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या शेजारचे एक ज्येष्ठ गृहस्थ पहिल्या रिळानंतर (हो, ते अजून रीळच म्हणत) डोळे मिटून ‘ऐकत’ असत. तरीही आमच्यात बेइमान कुणी नव्हतं. आम्ही थकलेले होतो, आणि बघायला बसवलेल्या सिनेमांतले बरेच नुसते अनुदानापुरते काढलेले होते: दोन खोल्या, चार नट, बारा दिवस, शेवटी एक सामाजिक संदेश. इंडस्ट्रीत याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. असे सात बघून झाल्यावर आठवा तुमचा संथ, फारसं न बोलणारा सिनेमा लागला असेल, तर त्याला तोटा झाला असेल. हा अन्याय आहे का? आहे. हे कारस्थान आहे का? तुमच्या पत्रात तसा पुरावा मला दिसला नाही.

म्हणून ‘सरकारला चांगला सिनेमा नकोच आहे’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. सरकार म्हणजे एक माणूस नव्हे, आणि हे भांडण तुमच्यापासून सुरूही झालेलं नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे पैसे संपले तेव्हा पश्चिम बंगाल सरकारनं तो हातात घेतला. पैसे हप्त्याहप्त्यानं आले, प्रत्येक वेळी आधीचा हिशोब दिल्यावर. नावात ‘पथ’ आहे म्हणून ती रक्कम रस्तेसुधारणेच्या खात्यावर पडली असं सांगतात. सरकारी मंडळींनी शेवट जरा आशादायक करा असं सुचवलं, राय यांनी तो बदलला नाही, आणि 1955 मध्ये सिनेमा आला. हक्क मात्र सरकारकडे गेले. मदत, हिशोबाचा तगादा, शेवटावर सूचना, करारातला तोटा, सगळं एकाच सिनेमात.

केंद्रानं 1960 मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढली. तिच्या कर्जावर 1969 मध्ये मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आला आणि नव्या सिनेमाची वाट मोकळी झाली असं आपण आज कौतुकानं सांगतो. पण 1976 मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीनं याच कॉर्पोरेशनला धारेवर धरलं. वसूल न होणारी कर्जं देता कशाला, असा त्यांचा सवाल होता. खासदारांचं अगदीच चुकलं होतं का? पैसा लोकांचा, विचारणं त्यांचं काम. दिग्दर्शकांचं चुकलं होतं का? त्यांचंही नाही. पुढे ही कॉर्पोरेशन 1980 मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली, आणि त्या एनएफडीसीच्या पैशातून 1992 मध्ये आपल्याकडे जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ आला. पटकथा पुलंची, नायक लक्ष्मीकांत बेर्डे. लोक ओळखीचा लक्ष्या शोधत थिएटरात गेले आणि बरेचसे गोंधळून बाहेर आले. तो सिनेमा आज मराठीत महत्त्वाचा मानला जातो, पण त्या वर्षीच्या गल्ल्याकडे बघून कुणी हिशोबनीसानं तो मंजूर केला नसता. मी केला नसता.

आता फेसबुकचं. लिहावं की नाही याबद्दल तुम्ही घाबरता आहात, आणि त्या भीतीखाली एक गृहीतक आहे: सरकारी पैसा घ्यायचा असेल तर तोंड बंद ठेवावं लागतं. हा प्रश्न फ्रान्ससारख्या देशातही सुटलेला नाही. तिथे प्रत्येक तिकिटावरच्या करातून सिनेमाला पैसा जातो आणि 1959 पासून पटकथा बघून आगाऊ रक्कम देण्याची पद्धत आहे. मे 2023 मध्ये फ्रेंच दिग्दर्शिका जस्टिन त्रिए यांना कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि त्यांनी व्यासपीठावरूनच सरकारवर टीका केली. संस्कृतीमंत्र्यांनी लगेच सुनावलं, आमच्या व्यवस्थेच्या पैशाशिवाय हा सिनेमा झालाच नसता. माझं मत विचाराल तर पैसा मंत्र्यांच्या खिशातला नव्हता, त्यामुळे उपकाराची भाषा चुकीची होती. तुम्हीही बोलू शकता. मात्र काय बोलता ते बघा.

तुम्ही मला पाठवलेला पोस्टचा मसुदा चवीवर भांडतो. ‘यांना सिनेमाची भाषा कळत नाही’, ‘यांना टाळ्यांची वाक्यं हवीत’. हे भांडण तुम्ही हरणार. समितीतला कुणीही म्हणेल, आम्हाला नाही आवडला, आणि विषय संपेल. वर तुम्ही ज्यांची नावं घेतली आहेत त्यांच्यापैकी कुणी तुमच्या सिनेमाला चांगले गुण दिले असतील तर त्यालाही दुखावलंत. समितीशी भांडायचं तर कागदावर भांडा. तुम्हाला कारण का दिलं नाही? किती गुण मिळाले, कोणत्या निकषावर किती? बैठकीला किती सदस्य हजर होते, नियमाप्रमाणे किती हवेत? फेरविचाराची तरतूद आहे का, तिची मुदत काय? या प्रश्नांना ‘आम्हाला नाही आवडला’ हे उत्तर चालत नाही.

त्यासाठी आधी तुमच्या अर्जाच्या तारखेला लागू असलेला शासन निर्णय काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सारांश नको, एखाद्या निर्मात्यानं ‘अरे तसंच असतं’ म्हणून सांगितलेलं तर नकोच. जीआर बदलत असतात, रकमा बदलतात, अटींत एक ओळ वाढते आणि तीच नेमकी तुम्हाला नडते. मला आठवतं, एका निर्मात्याचा अर्ज केवळ सेन्सॉर प्रमाणपत्रावरचं बॅनरचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळलं नाही म्हणून महिनोन्महिने पडून होता, आणि तो बिचारा गावभर सांगत होता की माझा विषय त्यांना झोंबला. तुमचंही असं काही असेल असं नाही, पण बघितल्याशिवाय कळणार कसं?

मग त्या कार्यालयाला साधं पत्र, कारण कळवण्याची विनंती करणारं. पोच घ्या. फेरविचाराची मुदत असेल तर ती टळू देऊ नका. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर माहिती अधिकार कायदा 2005 खाली अर्ज करा. उत्तराला 30 दिवस असतात. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिली अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. कोणत्या परीक्षकानं किती गुण दिले हे नावानिशी मागू नका. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क दिला, पण परीक्षकाची ओळख झाकायला सांगितलं, आणि इथेही तुम्हाला तोच दाखला दिला जाईल. नावं वगळून निकषवार गुण, बैठकीचं इतिवृत्त आणि हजेरी मागा. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागदाची प्रत द्यायला आहेत. नियम मोडल्याचं कागदावर दिसलं तर वकिलाकडे जा. नसेल दिसलं तर उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढू नका. तुमच्याकडे आधीच 15 लाखांची देणी आहेत.

हे कागद हातात आल्यावर हवं तर लिहा. ‘अमुक तारखेला अर्ज, अमुक तारखेला एका ओळीचं पत्र, गुणपत्रक मागितलं, मिळालं नाही’ एवढं लिहिलंत तरी इतर दहा निर्माते तुमच्यामागे उभे राहतील, कारण त्यांचंही हेच दुखणं असतं. निकष आधी जाहीर करा, गुण कळवा, पैसे देण्याची मुदत घाला, अशी मागणी एकट्यानं करण्यापेक्षा संघटनेमार्फत गेली तर बरं. डेन्मार्कमध्ये एक पद्धत आहे, तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ठरावीक मुदतीसाठी नेमलेला एक सल्लागार पटकथा निवडतो. निर्णय कुणी घेतला हे सगळ्यांना माहीत असतं आणि मुदत संपली की तो जातो. आपल्याकडे तसं चालेल की नाही, मला शंका आहे. पहिल्याच आठवड्यात त्याच्या घरी पेढ्यांचे बॉक्स पोचतील. पण ‘समितीनं ठरवलं’ या वाक्यामागे कुणीच न दिसण्यापेक्षा ते बरं.

दहा टक्केवाल्याबद्दल एकच सांगते. त्याचा नंबर ब्लॉक करा. तो बहुधा कुणालाच ओळखत नाही. ज्याचं काम आपोआप होतं त्याच्याकडून पैसे घ्यायचे, ज्याचं होत नाही त्याला ‘या वेळी वरून दबाव होता’ सांगायचं, एवढाच त्याचा धंदा. आणि खरंच ओळखत असेल तर तो गुन्हा आहे, तुमच्यासाठीही.

थोर पुरुषांवरचा सिनेमा तुम्हाला मनापासून करायचा असेल तर जरूर करा. पण तुमच्या पत्रात त्यांचं नावसुद्धा नाही, ‘एखाद्या’ थोर पुरुषावर असं लिहिलंय. घोडे, पोशाख, गर्दी यांचा खर्च धरलात का? 65 लाखांत तुमची एक लढाई होणार नाही. आणि पुन्हा तो सिनेमाही त्याच समितीसमोर, जेवणानंतर, तिसरा लागू शकतो.

पैशाच्या दुसऱ्या वाटा आहेत, पण त्या पुढच्या सिनेमासाठी. एनएफडीसी 2007 पासून गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सुमारास फिल्म बाझार (आता ‘वेव्ज फिल्म बाझार’) भरवते. तिथे पटकथेच्या टप्प्यावर सहनिर्माते शोधता येतात, आणि अर्धवट संकलित सिनेमाही दाखवता येतो. तुम्हाला तर पणजी एसटीच्या अंतरावर आहे. मला तिथला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो असा की ‘नाही’ म्हणणारा माणूस समोर बसलेला असतो आणि का नाही ते सांगतो. फिल्म सोसायट्यांशीही बोला. तुमचा सिनेमा सकाळी अकराच्या शोनं मेलेला नाही, पन्नास खुर्च्यांच्या हॉलमध्ये संध्याकाळी सातला तो वेगळा दिसेल. यातून 15 लाख उभे राहणार नाहीत हे मलाही माहीत आहे.

आता तो कंस.

तुम्ही लिहिलंय, ‘(ताईचे यजमान काही बोलत नाहीत, पण अलीकडे फोन उचलत नाहीत.)’ त्यांनी बाग विकली तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगितलं होतंत? माझा अंदाज असा की ‘दाजी, अनुदान आलं की पहिले तुमचे’. म्हणजे सरकारच्या पैशाची हमी तुम्ही सरकारला न विचारता दिलीत. समितीवर तुमचा एवढा राग का, याचं उत्तर मला इथे दिसतं. तिनं तुम्हाला नापास केलं यापेक्षा तिनं तुम्हाला दाजींसमोर खोटं पाडलं हे तुम्हाला जास्त झोंबतंय. पण शब्द तुमचा होता. आणि एक फरक लक्षात घ्या: मित्रांनी 10 लाख घातले तेव्हा त्यांना सिनेमा हा जुगार आहे हे माहीत होतं, ते मुंबईत राहतात, तुमच्याबरोबर चहा पितात. दाजींनी सिनेमात पैसे घातलेच नाहीत. त्यांनी ते बायकोच्या भावाला दिले.

माहितीचं उत्तर येईल तेव्हा येईल, त्यासाठी थांबू नका. येत्या रविवारी जा. फोन करून वेळ मागू नका, ते उचलणार नाहीत. ताईला सांगून जा. सिनेमाबद्दल बोलू नका, समितीबद्दल तर अजिबात नको. वहीत खर्चाची बाजू पूर्ण लिहून न्या, त्यांचे 28 कुठे गेले ते तारीखवार. अनुदान येणार नाही हे पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच्या तोंडानं सांगा. नंतर तुम्हाला दर महिन्याला जमेल असा आकडा सांगा, खरोखर जमेल असा. तुम्ही मालिकांसाठी एपिसोड डिरेक्टर म्हणून काम करायचं नाकारलंत असं पत्रात अभिमानानं लिहिलंय. तो नकार अजून परवडतो का, तेही त्या वहीसमोर बसूनच ठरवा. देण्यांमध्ये साउंडवाल्याचे आणि मानधन राहिलेल्या दोन नटांचे आधी, कॅमेरावाल्याचे मागून. भाड्याच्या धंद्यात उधारी धरलेलीच असते, नटाच्या घरात नसते.

दाजी काहीच बोलले नाहीत तर बसून राहा, चहा येईल. आणि माहिती अधिकाराचा अर्ज पोस्टानं पाठवणार असाल तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आठवणीनं लावा, त्यावाचून तो परत येतो.